घरातील दिवसाचा उजेड : बांधण्यापूर्वी त्याचा अंदाज कसा करावा
वर्धा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांसाठी

घर बांधावयास काढले म्हणजे विटा किती, वाळू किती, लोखंड किती याचा हिशेब शेतकरी पै-पैसा मोजून करतो. परंतु त्या घरात दिवसा उजेड किती येईल, याचा हिशेब क्वचितच केला जातो. घर उभे राहते, लेंटलवर स्लॅब पडतो, आणि मग ध्यानात येते की स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावल्यावाचून तांदूळ निवडता येत नाहीत, मुलांना अभ्यासासाठी ओसरीवर बसावे लागते आणि कवडी कापूस निराळा काढावयाचा तर ढीग अंगणात ओढून न्यावा लागतो. एकदा बांधून झालेली भिंत फोडणे खर्चाचे व धोक्याचेही असते. म्हणून उजेडाचा अंदाज भिंत उभी राहण्यापूर्वीच करणे इष्ट होय. हा अंदाज करण्यास मोठी विद्या लागते असे नाही. एक दोरी, एक मोजपट्टी व थोडेसे अंकगणित एवढ्यावर तो करता येतो.

वर्धा जिल्ह्यात या प्रश्नास एक विशेष अडचण आहे. येथील उन्हाळा कडक असून उष्मा टाळण्यासाठी खिडक्या लहान व मोजक्या ठेवण्याची रीत पडली. ही रीत निष्कारण नव्हती. परंतु ऊन आणि उजेड या दोन भिन्न वस्तू आहेत. ऊन थेट सूर्यापासून येते व घर तापविते. घरात हवा असलेला सौम्य उजेड मुख्यतः आकाशापासून आणि फिकट रंगाच्या पृष्ठभागांवरून येतो. ऊन बाहेर ठेवून उजेड आत घेणे शक्य आहे, आणि त्यासाठी खिडकीच्या लांबी-रुंदीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष तिच्या उंचीकडे, तिच्यासमोरील मोकळ्या आकाशाकडे व खोलीच्या आतील रंगाकडे द्यावे लागते. प्रस्तुत लेखाचे हेच सार होय.

उजेड किती असावा?

उजेड मोजण्याच्या एककास लक्स म्हणतात. एक मेणबत्ती एक मीटर अंतरावरील कागदावर जेवढा उजेड पाडते तो सुमारे १ लक्स होय. वैशाखातील दुपारी उघड्या शेतात उजेड सुमारे एक लाख लक्सपर्यंत जातो, तर ढगाळ आकाशाखाली तो काही हजार लक्सवर येतो. बाहेरचा उजेड असा घडोघडी बदलत असल्यामुळे आतील उजेड नुसत्या लक्समध्ये सांगून भागत नाही. म्हणून तज्ज्ञ तो बाहेरच्या उजेडाच्या शेकडेवारीत सांगतात. बाहेर उघड्यावर ८,००० लक्स असताना खोलीतील एखाद्या जागी ८० लक्स मिळत असतील, तर तेथील उजेडाचे प्रमाण १ टक्का झाले. या हिशेबात प्रत्यक्ष ऊन धरीत नाहीत. केवळ आकाशाचा उजेड धरतात.

आपल्या देशातील इमारतींसाठी भारतीय मानक क्रमांक २४४० मध्ये याविषयी मार्गदर्शन केलेले आहे. सूर्य क्षितिजापासून १५ अंश वर असताना स्वच्छ आकाशापासून मिळणारा ८,००० लक्स उजेड त्यात आधारभूत धरला आहे. याचा अर्थ असा की, सकाळी व सायंकाळी काही वेळ वगळला तर दिवसभर निदान एवढा उजेड बाहेर असतोच. या आधारावर घरातील निरनिराळ्या जागांसाठी शिफारस केलेली प्रमाणे पुढीलप्रमाणे आहेत :

स्वयंपाकघर : २.५ टक्के, म्हणजे २०० लक्स.
अभ्यासाची जागा : १.९ टक्के, म्हणजे सुमारे १५० लक्स.
बैठकीची खोली : ०.६२५ टक्का, म्हणजे ५० लक्स.
येण्याजाण्याची वाट : ०.३१३ टक्का, म्हणजे २५ लक्स.

या आकड्यांकडे पाहता एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सर्वांत अधिक उजेडाची गरज स्वयंपाकघरास आहे. आणि आपल्याकडील घरांत सर्वांत काळोखी खोली बहुधा तीच असते. घरातील बाईचे कित्येक तास तेथे जातात. धान्यातील खडा, भाजीतील अळी, उकळते भांडे व विळीची धार या सर्वांचा संबंध उजेडाशी आहे. तेव्हा नव्या घराचा आराखडा करताना उजेडाची उत्तम बाजू बैठकीस देऊन उरलेला कोपरा स्वयंपाकास देण्याची प्रथा सोडून द्यावी, हे हितावह.

उजेड येण्याच्या तीन वाटा

खोलीतील एखाद्या जागी उजेड तीन वाटांनी पोहोचतो. पहिली वाट म्हणजे खिडकीतून सरळ दिसणारे आकाश. दुसरी, समोरची भिंत, अंगण वा जमीन यांवरून परतून आत येणारा उजेड. तिसरी, आत आलेला उजेड भिंती व छत यांवरून पुनःपुन्हा परतून खोलीभर पसरणे. खिडकीजवळ पहिल्या वाटेचे महत्त्व अधिक, तर खोलीच्या मागील भागात तिसऱ्या वाटेचे. जेथून आकाश मुळीच दिसत नाही तेथे शेवटच्या दोन वाटांवरच भिस्त ठेवावी लागते.

या तीन वाटांचा विचार करण्यास सेवाग्राम येथील बापू कुटी हे आपल्याच जिल्ह्यातील उत्तम उदाहरण आहे. गांधीजी १९३६ साली शेगाव येथे राहावयास आले. या गावास सेवाग्राम हे नाव १९४० मध्ये मिळाले. मीराबेन यांनी बांधविलेली ही कुटी माती, बांबू, लाकूड व गावठी कवेलू अशा जवळपास मिळणाऱ्या साहित्याची आहे. तिचे छप्पर खाली उतरते असून कडेस पडवी आहे. अशा खाली उतरलेल्या वळचणीमुळे उंचावरचे आकाश झाकले जाते व दुपारचे ऊन भिंतीपर्यंत पोहोचत नाही. उजेड येतो तो मुख्यतः क्षितिजाजवळच्या आकाशापासून व मोकळ्या अंगणावरून परतून. गांधीजी जमिनीवर बैठक घालून लिहीत, आणि जमिनीलगतच्या कामास असा खालून येणारा उजेड सोयीचा असतो. परंतु या रचनेचे अनुकरण करताना एक गोष्ट विसरू नये. कुटीसभोवती विस्तीर्ण मोकळी जागा आहे. तीच खाली उतरलेली वळचण दाट वस्तीतील अरुंद बोळात ठेवली, तर ऊन अडेलच, पण उजेडही अडेल. म्हणून आपल्या जागेपुरता अंदाज स्वतंत्रपणे केला पाहिजे.

दोरीची परीक्षा

पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. ज्या जागी काम करावयाचे तेथे कामाच्या उंचीवर डोळा नेऊन खिडकीकडे पाहावे. आकाशाचा तुकडा दिसत असेल तर त्या जागी सरळ उजेड पोहोचतो. केवळ समोरची भिंत दिसत असेल तर पोहोचत नाही. खोलीत खिडकीपासून मागे मागे सरकत गेल्यास एका ठिकाणी आकाश दिसेनासे होते. तेथे खडूने रेघ ओढावी. या रेघेपलीकडील भाग दिवसाही अंधुक राहणार असे समजावे.

घर बांधलेले नसेल तर हीच रेघ कागदावर काढता येते. समजा, खोली ४ मीटर खोल आहे. खिडकीची वरची कड जमिनीपासून २.१ मीटरवर आहे. बोळापलीकडे ३ मीटर अंतरावर शेजाऱ्याचे घर ४ मीटर उंच आहे. शेजारच्या घराच्या माथ्यापासून आपल्या खिडकीच्या वरच्या कडेला स्पर्शून आत येणारी सरळ रेषा कल्पावी. बाहेर ३ मीटर अंतरात ही रेषा १.९ मीटर उतरते. म्हणजे दर मीटरला सुमारे ६३ सेंटिमीटर. जमिनीवर बसून काम करणाऱ्याची कामाची उंची ३० सेंटिमीटर धरली, तर खिडकीच्या कडेपासून तेथवर १.८ मीटर उतरावयाचे आहे. त्यास खिडकीपासून आत सुमारे २.८ मीटर अंतर लागेल. अर्थात खोलीच्या मागील सव्वा मीटर भागातून आकाश दिसणार नाही.

आता खिडकीची वरची कड ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूट, वर नेली व ती २.४ मीटरवर ठेवली असे समजू. रेषेचा उतार दर मीटरला सुमारे ५३ सेंटिमीटर होतो, आणि ती आत सुमारे ३.९ मीटरपर्यंत पोहोचते. एका फुटाच्या फरकाने जवळजवळ सबंध खोलीस आकाश दिसू लागले. हीच एक फूट जागा खिडकीच्या रुंदीत वाढविली असती, तर ही रेघ तसूभरही मागे सरकली नसती. यावरून रुंद व बुटक्या खिडकीपेक्षा उभी व उंच खिडकी खोलीच्या आतील भागास का उपकारक, हे स्पष्ट होईल.

छज्जा वा वळचण असल्यास खिडकीच्या कडेऐवजी पुष्कळदा छज्जाची बाहेरील कड ही खरी मर्यादा ठरते. अशा वेळी रेषा त्या कडेवरून काढावी. मातीच्या जाड भिंतीत खिडकीच्या आतील बाजूच्या कडा तिरप्या कापून पांढऱ्या केल्यास उजेड खोलीत अधिक पसरतो.

उजेडाचा हिशेब

खोलीभर मिळणाऱ्या सरासरी उजेडाचे प्रमाण काढण्याची एक रीत सर्वत्र वापरली जाते. ती अशी : खिडकीच्या क्षेत्रफळास तिच्यातून उजेड जाण्याच्या प्रमाणाने गुणावे, त्यास खिडकीच्या मध्यापासून दिसणाऱ्या आकाशाच्या अंशांनी गुणावे. आलेल्या संख्येस खोलीच्या भिंती, छत व जमीन यांच्या एकूण क्षेत्रफळाने भागावे. आणि पुन्हा, १ मधून परावर्तनाचा वर्ग वजा करून येणाऱ्या संख्येने भागावे. उत्तर टक्क्यांत येते. परावर्तन म्हणजे पृष्ठभागावर पडलेल्या उजेडापैकी परतणारा हिस्सा. ताज्या चुन्याच्या भिंतीवरून तो सुमारे ०.७ ते ०.८ असतो, शेणामातीने सारवलेल्या पृष्ठभागावरून सुमारे ०.२ ते ०.३, आणि धुराने काजळलेल्या भिंतीवरून त्याहूनही पुष्कळ कमी.

उदाहरणार्थ, ३ मीटर रुंद, ४ मीटर लांब व ३ मीटर उंच खोली घेऊ. जमीन १२ चौरस मीटर, छत १२ व चारी भिंती मिळून ४२, असे एकूण ६६ चौरस मीटर होतात. उत्तरेस १.२ मीटर लांब-रुंद, म्हणजे १.४४ चौरस मीटर, अशी एक उघडी खिडकी आहे. गज व चौकट यांचा अडथळा वजा जाता उजेड जाण्याचे प्रमाण ०.९ धरू. समोर मोकळे असून वर ३० सेंटिमीटरचा छज्जा आहे. तो सुमारे २५ अंश आकाश झाकतो, म्हणून ९० पैकी ६५ अंश उरतात.

भिंती व छत मळकट असून सरासरी परावर्तन ०.३ असेल, तर उजेडाचे प्रमाण १.४ टक्के, म्हणजे सुमारे ११० लक्स येते. त्याच खोलीस छतासह चुना दिला व सरासरी परावर्तन ०.६ झाले, तर प्रमाण २ टक्के, म्हणजे १६० लक्स होते. खिडकी तीच, भिंत तीच. परंतु पहिली खोली अभ्यासास अपुरी आणि दुसरी पुरेशी. चुन्याचा एक हात येथे जवळजवळ दीड खिडकीचे काम करतो, आणि त्याने खोलीत ऊन येत नाही.

आता याच खिडकीसमोर पूर्वी सांगितलेले ४ मीटर उंच घर ३ मीटरवर उभे आहे असे धरा. खिडकीच्या मध्यापासून ते सुमारे ४० अंश आकाश झाकते. उरतात २५ अंश. चुना दिलेल्या खोलीतही उजेड पाऊण टक्क्यावर, म्हणजे सुमारे ६० लक्सवर येतो, व मळकट खोलीत तो ४५ लक्सच्याही खाली जातो. अशी खोली झोपण्या-बसण्यास चालेल. स्वयंपाकास वा अभ्यासास चालणार नाही. कोरड्या उष्ण हवामानात खिडक्यांचे क्षेत्रफळ खोलीच्या जमिनीच्या निदान एक-दशांश असावे असा बांधकामाचा सर्वसाधारण नियम आहे. वरील खिडकी त्या नियमास उतरते. तरीही ती एका जागी पुरली व दुसऱ्या जागी पुरली नाही. नियम हा प्रारंभ आहे. जागेवरचा अंदाज त्याची जागा घेऊ शकत नाही असे नव्हे, तर घेतलीच पाहिजे.

मोजून पाहणे

उभ्या घरातील उजेड मोजणे आता कठीण राहिलेले नाही. बहुतेक मोबाइल फोनांत उजेड ओळखणारा लहानसा भाग असतो, आणि त्याचे लक्समधील वाचन दाखविणारे साधन फोनवर घेता येते. हे वाचन तंतोतंत खरे असेलच असे नाही. परंतु आपणास प्रमाण हवे असल्यामुळे एकाच फोनने आत व बाहेर मोजल्यास पुष्कळसा दोष आपोआप निघून जातो.

पावसाळ्यात आभाळ एकसारखे भरून आलेले असेल असा दिवस निवडावा. प्रथम उघड्या शेतात वा गच्चीवर फोन आडवा, तोंड वर करून ठेवावा व वाचन टिपावे. लगेच आत येऊन कामाच्या जागी तसेच मोजावे. मोजताना आपली सावली फोनवर पडू देऊ नये. पुन्हा बाहेर जाऊन पहिले वाचन पडताळावे. बाहेर १२,००० व आत १५० आले, तर प्रमाण सव्वा टक्का झाले. ८,००० लक्सच्या हिशेबाने ते १०० लक्स होतात. असे तीनदा करून सरासरी घ्यावी. ऊन पडले असताना हा प्रयोग करू नये, कारण मग तुलना आकाशाची न राहता सूर्याची होते.

ऊन टाळून उजेड

वर्धा सुमारे पावणेएकवीस अक्षांशावर आहे. त्यामुळे डिसेंबरच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस सुमारे ४६ अंशांवर असतो, तर मार्च व सप्टेंबरच्या विषुवदिनी सुमारे ६९ अंशांवर. मे महिन्याच्या चौथ्या व जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तो अगदी डोक्यावर येतो, आणि या दोहोंमधील काळात मध्यान्ही किंचित उत्तरेस असतो.

यावरून खिडक्यांच्या दिशा ठरविता येतात. दक्षिणेच्या १.२ मीटर उंच खिडकीवर सुमारे ४५ सेंटिमीटरचा छज्जा असल्यास मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत मध्यान्हीचे ऊन आत येत नाही, आणि हिवाळ्यातील हवेसे ऊन मात्र मिळते. उत्तरेचा उजेड वर्षभर सौम्य असल्यामुळे स्वयंपाक, अभ्यास व निवडटिपण यांस ती बाजू उत्तम. ऐन उन्हाळ्यात सकाळ-सायंकाळी उत्तरेसही तिरपे ऊन लागते. त्यास बाजूची उभी आडभिंत वा झाड पुरे. पश्चिमेची खिडकी शक्यतो लहान ठेवावी. दुपारनंतरचे ऊन खालून येत असल्याने छज्जा ते अडवू शकत नाही.

कवेलूच्या छपरात काचेची एक-दोन कवेलू बसविणे हा जुना व स्वस्त उपाय आहे. ढगाळ आकाशाखाली आडव्या पृष्ठभागास उभ्या पृष्ठभागाच्या सुमारे अडीचपट उजेड मिळतो. म्हणून छपरातील लहानशी काचही काळोख्या माजघरास पुष्कळ उपयोगी पडते. परंतु उन्हाळ्यात तिच्यातून ऊनही येते. फाल्गुन-चैत्रात काचेवर पातळ चुना फिरवावा. मृगाच्या पावसाने तो धुऊन निघतो, आणि आभाळ भरलेल्या दिवसांत उजेड पुन्हा पुरता मिळतो.

गोठा व कोठार

गोठ्यातील उजेडाकडे आपण फारसे पाहत नाही. तथापि जखमेतील अळी, खुरांतील दोष, कासदाहाने दुधात आलेल्या गुठळ्या या गोष्टी काळोखात दिसत नाहीत, आणि दिसतात तेव्हा रोग वाढलेला असतो. गव्हाणीवरील भिंत पांढरी ठेवावी व छपराखाली उंचावर उघडा पट्टा ठेवावा. त्याने उजेड येतो व दमट हवाही बाहेर जाते. बियाण्याच्या कोठारात मात्र थेट ऊन येऊ देऊ नये. तेथे उत्तरेकडे उंचावर जाळी लावलेला लहान झरोका पुरेसा आहे. कापूस निवडण्याची व सोयाबीन, तूर पाखडण्याची जागा खिडकीजवळ, दोरीच्या परीक्षेत आकाश दिसेल अशीच ठरवावी.

बांधण्यापूर्वी

वर्ध्यास १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने रॉकेलऐवजी गावातील तेलावर जळणारा 'मगनदीप' प्रचारात आणला होता. गावचा उजेड गावातून मिळावा, हा त्यामागील विचार होता. आज गावोगाव वीज आली आहे. परंतु वीज गेली की काळोखी खोली काळोखीच राहते, आणि ती असतानाही दिवसा जळणाऱ्या दिव्याचे बिल घरधन्यासच भरावे लागते. आकाशाच्या उजेडास बिल नाही.

२०१६ पासून राबविल्या जाणाऱ्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरविलेले आहे. एवढ्या लहान घरात एक काळोखा कोपराही परवडण्यासारखा नाही. म्हणून पाया आखताना घरातील सर्वांनी, विशेषतः जी स्वयंपाक करणार तिने, जागेवर उभे राहून पुढील प्रश्न गवंड्यास विचारावेत : चूल कोठे व तेथून आकाश दिसेल काय? मुले कोठे बसून वाचतील? खिडकीची वरची कड आणखी एक वीत वर नेता येईल काय? समोरच्या रिकाम्या जागेवर उद्या घर उठले तर काय उरेल? भिंतींस व छतास आतून कोणता रंग देणार?

लेंटल बसण्यापूर्वी या प्रश्नांची उत्तरे बदलण्यास एका दिवसाची मजुरीही लागत नाही. नंतर मात्र भिंत फोडावी लागते, किंवा जन्मभर अंधारात काम करावे लागते. शेतकरी बंधु-भगिनींनी घराच्या खर्चाच्या वहीत विटा व सिमेंट यांच्याबरोबर उजेडाचेही एक पान ठेवावे.